एका कान्याने हुकलेलं विमान

तीर्थस्वरूप ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवतो. (पाय आता सातासमुद्रापलीकडे गेले, त्यामुळे तूर्त डोकं टेबलावर ठेवलं आहे, भाव तोच समजून घे.) तू सुखरूप पोचलीस, हे तुझ्या लेकाच्या दोन ओळींच्या निरोपावरून समजलं. गुडघा कसा आहे? तिकडे म्हणे जिने कमी आणि थंडी जास्त, म्हणजे देवाने गुडघ्याला एका हाताने दिलं आणि दुसऱ्या हाताने काढून घेतलं. रक्तदाबाची गोळी तिकडच्या सकाळी घ्यायची की इकडच्या, ते डॉक्टरांना नीट विचार. उगाच दोन्ही सकाळी घेऊ नकोस. आम्ही इथे बरे आहोत. हिची कंबर उठता-बसता कुरकुरते, माझ्या डाव्या डोळ्यातला मोतीबिंदू डॉक्टरांच्या म्हणण्याप्रमाणे अजून पिकतोच आहे, आणि स्वयंपाकघरातला नळ तू दहा वर्षांपूर्वी आली होतीस तेव्हा गळत होता तसाच गळतो आहे. एकूण सगळं कुशल आहे.

आता मुद्द्यावर येतो. (हिचं म्हणणं असं की मी मुद्द्यावर येईपर्यंत ऐकणारा जेवून, आंघोळ करून परत येऊ शकतो.) ताई, तू कायमची लेकाकडे राहायला निघालीस आणि तुझा सख्खा, एकुलता एक, पाठचा भाऊ तुला निरोप द्यायला आला नाही. तू मनात काय म्हणाली असशील याची कल्पना मी गेले अकरा दिवस रोज करतो आहे, आणि रोज ती आदल्या दिवसापेक्षा वाईट निघते. बारक्या आलाच नाही शेवटी, असं म्हणाली असशील. (मी एकाहत्तरचा झालो, बत्तीसपैकी एकोणीस दात उरले, तरी तुझ्या तोंडी मी बारक्याच.) नऊ वर्षं आपल्यात जे अडून बसलं आहे ते आता कायमचंच बसलं, असंही म्हणाली असशील. म्हणून सगळं सविस्तर लिहायला घेतलं आहे. मी निघालो होतो, ताई. देवाशप्पथ निघालो होतो.

कशासाठी निघालो होतो तेही लिहूनच टाकतो, कारण आता समोर बोलायची सोय राहिली नाही. भावोजी गेले तेव्हा तू मला चार पानांचं पत्र लिहिलं होतंस. ते छापखान्याच्या पत्त्यावर आलं. टेबलावर तपासायच्या मुद्रितांचा ढीग, हातात लाल पेन, आणि समोर तुझं पत्र. वाचताना माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या, हे तुला कोणी सांगितलं नसेल, कारण जेवणाची सुट्टी होती आणि खोलीत कोणी नव्हतं. डोळ्यांना धारा होत्या, पण हाताला सवय होती. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून काढून तो हात असा झाला होता की मला न विचारताच चालायचा. पहिल्याच ओळीत तू 'दुख' लिहिलं होतंस. हाताने तिथे विसर्ग घातला. मग वेलांट्या आल्या, उकार आले, दोन ठिकाणी पूर्णविराम राहिले होते. चार पानांत एकतीस दुरुस्त्या झाल्या. बरं, झाल्या तर झाल्या, निदान पत्र कपाटात ठेवून द्यावं की नाही? पण तुला उत्तर काय लिहावं हे मला चार दिवस सुचेना, आणि पाचव्या दिवशी मी तेच पत्र, खाली 'तपासले' असं लिहून, सही करून, तुला परत पाठवून दिलं. ('तपासले' म्हणजे मला 'वाचून फार रडलो' असं म्हणायचं होतं. आमच्या धंद्यात त्याला वेगळा शब्द नाही.) त्यानंतर तुझं एक अक्षर आलं नाही. जे आलं ते लेकामार्फत. आई बरी आहे, आईचा गुडघा सुजला आहे, आईला आता मी इकडेच घेऊन येतो आहे, अमुक तारीख, दुपारी चारचं विमान. बहिणीच्या दुःखात विसर्ग घालणारा भाऊ, अशी आपल्या नातेवाइकांत माझी ख्याती आहे. ती मी स्वतःच्या कानांनी ऐकली आहे.

तर ठरवलं, समोर जाऊन उभं राहायचं, हात जोडायचे आणि 'ताई, चुकलो' म्हणायचं. येतो म्हणून कळवलं नाही, कारण कळवलं आणि तू नको म्हणालीस तर मग काय करायचं? बसने चौदा तास लागतात आणि तेवढा वेळ बसल्यावर माझं काय होतं ते तुला माहीत आहे, म्हणून हिने विमानाचं तिकीट काढायला लावलं. सकाळी नऊला निघायचं, अकराला तिथे. तुझं विमान चारला. म्हणजे पाच तास हातात. माफी मागायला पाच तास रग्गड झाले, असं ही म्हणाली. (लग्न झाल्यापासून मी तिच्याकडे मागितलेल्या सगळ्या माफ्या एकापुढे एक ठेवल्या तरी पाच मिनिटं भरत नाहीत, असंही म्हणाली. ते जाऊ दे.) तुझ्यासाठी तिने तीन महिने खपून राखाडी रंगाचा स्वेटर विणला होता, तो पिशवीत सगळ्यात वर ठेवला. आयुष्यातला पहिला विमानप्रवास म्हणून मी साडेसहालाच विमानतळावर जाऊन बसलो. झाडणारे अजून झाडत होते.

तिथे एक मोठा फलक असतो. त्यावर विमानांचे नंबर आणि पुढे एकेकाची हकीकत येते. साडेआठला आमच्या विमानापुढे अक्षरं उमटली, 'विलंब, अर्धा तास'. म्हटलं, चालायचंच, अर्ध्या तासाने काय आभाळ कोसळतं. नऊ वाजता पुन्हा अर्धा तास. साडेनऊला पुन्हा अर्धा तास. काउंटरवर एक मुलगी होती, तिच्याकडे दर वेळी जाऊन विचारावं, तर मुलगी तीच, हसू तेच, अर्धा तास तोच. मी तिला म्हटलं, बाई, सगळे अर्धे तास एकदम सांगा, म्हणजे मी एकदाच रडून घेतो. ती म्हणाली, काका, आमच्याकडे एका वेळी एकच येतो. दहा वाजेपर्यंत माझी अशी समजूत झाली होती की अर्धा तास हे काळाचं माप नसून त्या कंपनीचं आडनाव आहे.

माझ्या शेजारी एक गृहस्थ बसले होते. धंद्याने विमा एजंट, मांडीवर प्लास्टिकची फाईल, आणि तोंडात अखंड कायदा. आपण त्यांना विमेवाले म्हणू. विमेवाल्यांनी मला समजावून सांगितलं की विमान प्रवाशाला हक्क असतात, फक्त ते त्याला कोणी सांगत नाही. विलंब झाला तर चहा आणि बिस्कीट, एवढ्यावर कंपनी सुटते. पण विमान रद्द झालं तर जेवण मिळतं, पुढच्या विमानात जागा मिळते, पुढचं विमान नको असेल तर तिकिटाचे पैसे परत. म्हणून कंपनी मेली तरी 'रद्द' हा शब्द उच्चारत नाही. विलंब, विलंब म्हणत तुम्हाला म्हातारं करते. (मला करण्यासारखं फारसं उरलं नव्हतं, पण मुद्दा पटला.) तेव्हा आता एकच उपाय, म्हणाले, त्यांच्या तोंडून 'रद्द' वदवून घ्यायचं. ताई, आपल्या घराण्यात शब्दासाठी भांडायला मी नेहमीच पुढे. विमेवाले उठले, मी उठलो, आमच्यामागे साठ-सत्तर माणसं उठली आणि काउंटरपुढे सगळे ओरडू लागलो, रद्द करा, रद्द करा! ज्या विमानाने मला तुझ्यापाशी पोचवायचं, तेच रद्द व्हावं म्हणून मी घसा फोडत होतो. एक बाई तर कडेवरच्या बाळाचा हात धरून घोषणा देत होत्या. मुलीने फोन केला, फोनवरच्याने आणखी कोणाला फोन केला, आणि पावणेअकराला फलकावर शब्द उमटला, 'रद्द'. टाळ्यांचा असा कडकडाट झाला म्हणून सांगू! विमेवाल्यांनी मला मिठी मारली. अनोळखी माणसं एकमेकांना पेपरमिंट वाटत होती.

पेपरमिंट तोंडात विरघळायच्या आत समोरच्या काचेतून एक विमान येताना दिसलं. आलं, वळलं, आमच्या दारापाशी उभं राहिलं, त्याला शिडी लागली. चांगलं पांढरंशुभ्र, धुऊन पुसून आणल्यासारखं. मी मुलीला विचारलं, हे कोणाचं? ती म्हणाली, तुमचंच होतं. होतं म्हणजे? तर म्हणाली, शेवटचा अर्धा तास खरा होता, काका, पण आता रद्द झालं ना, रद्द झालेल्या विमानात माणसं बसवता येत नाहीत. मग ते विमान अकरा वाजून दहा मिनिटांनी, आम्हा सगळ्यांच्या देखत, रिकामंच उडालं. ते ज्या गावाला जाणार होतं तिथे त्याची गरज होती म्हणे, माणसांची नव्हती. त्यात माझी खिडकीची जागा होती, ताई. एक वाजून दहा मिनिटांनी मी तुझ्यासमोर उभा असतो. मी विमेवाल्यांकडे पाहिलं, तर ते फाईलमध्ये तोंड घालून बसले होते.

असो. रद्द तर रद्द, आता हक्क तरी पदरात पाडून घेऊ, म्हणून रांगेत उभा राहिलो. साखरेमुळे मला भूक निघत नाही, हात कापायला लागतात, म्हणून माझा नंबर आल्याबरोबर आधी जेवणाचं कुपन मागितलं. मुलीने दिलं. मग म्हटलं, आता पुढच्या विमानातली जागा. तर तिने काउंटरवरचं एक पत्रक माझ्यापुढे सरकवलं आणि त्यातल्या ओळीवर नखं रंगवलेलं बोट ठेवलं. 'विमान रद्द झाल्यास प्रवाशास चहा व जेवण वा पुढील विमानात जागा देण्यात येईल.' मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. 'वा'. 'व' नव्हे, 'वा'. त्या 'व'च्या पुढे एक काना उभा होता, ताठ, काळा कुळकुळीत, निर्लज्ज. काका, जेवण नाहीतर जागा, दोन्हींतलं एक, असं मुलगी म्हणाली, आणि तुम्ही तर जेवण घेतलंत. विमेवाले धावत आले, त्यांनीही वाचलं, आणि त्यांच्या हातातून फाईल सुटून खाली पडली. (त्यांनी आयुष्यभर तो 'व'च वाचला होता. माणूस आपल्याला हवं तेच वाचतो, म्हणून तर आमचा धंदा चालतो.) मी म्हटलं, अहो, हा उघड मुद्रणदोष आहे, कोणता शहाणा माणूस भुकेल्याला विचारेल की जेवतोस का जातोस? मुलगी म्हणाली, मुद्रण आमच्याकडे नसतं. मग तिचे साहेब आले. ते म्हणाले, दहा वर्षं हे पत्रक चालू आहे, हजारो प्रवासी यावर एकतर जेवले तरी आहेत किंवा गेले तरी आहेत, आजवर कोणाची तक्रार नाही.

भांडताना मी पत्रक उलटं केलं. मागे, अगदी तळाला, मुंगीएवढ्या अक्षरांत मुद्रकाचं नाव होतं. आमचाच छापखाना! मी विमेवाल्यांना तावातावाने सांगितलं, हे त्या आमच्या जुळणीवाल्याचं काम. अक्षरं जुळवायला बसायचा तो कॉम्प्युटरपुढे, पण लक्ष सगळं तोंडातल्या तंबाखूकडे. काना-मात्रेची त्याला कधी पर्वाच नव्हती. गेला बिचारा, पण जाताना माझ्यासाठी हा काना ठेवून गेला. मी एवढा बोललो की माझे हात जास्तच कापायला लागले आणि मी कुपन घेऊन खाण्याच्या ठिकाणाकडे निघालो. जागा नाही तर नाही, निदान घेरी येऊन पडू नये.

आता पुढचं वाचून हसू नकोस. कुपनावर छापलं होतं 'उपहारगृह'. ताई, उपहार म्हणजे भेटवस्तू. खाण्याच्या जागेला उपाहारगृह म्हणतात, 'प'ला काना. दारावरच्या पाट्यांपासून सरकारी कागदांपर्यंत ही चूक मी चाळीस वर्षं पाहतो आहे आणि चाळीस वर्षं माझ्या पोटात दुखतं आहे. त्या दिवशी तर एका कान्याने माझं वाटोळं केलेलं. लाल पेन खिशात होतंच. (निवृत्त झालो तरी ते खिशात असतं, काही लोक दात लावून झोपतात तसं.) मी काना दिला आणि कुपन खिडकीतल्या माणसापुढे धरलं. त्याने ते उजेडाकडे धरून पाहिलं, उलटं केलं आणि मागची ओळ मला दाखवली. 'खाडाखोड केलेले कुपन रद्द समजावे.' त्या दिवसातला दुसरा 'रद्द'. या वेळी टाळ्या वाजल्या नाहीत. मागे वाफाळत्या भाताची परात दिसत होती आणि मी खिडकीबाहेर, शुद्ध कुपन हातात घेऊन उभा.

परत काउंटरवर आलो. भांडायचं त्राण उरलं नव्हतं. मुलीने कुपनावरचा लाल काना पाहिला, माझा हात पाहिला, मग पत्रकातली ओळ पुन्हा एकदा वाचली. म्हणाली, जेवला नाहीत ना? नाही. मग तुम्हाला जागा घेता येते. दीडच्या विमानात एकच उरली होती, शेवटच्या रांगेत, संडासाला टेकून. तिने ती मला दिली, वर आपल्या डब्यातली दोन बिस्किटं दिली. मी तिला आशीर्वाद द्यायला हात वर केला तर तिला वाटलं मी पुन्हा भांडणार आहे, आणि ती मागे सरली. विमेवाले भात खाऊन बसले होते. त्यांनी मला लांबूनच हात केला.

दीडचं विमान पावणेदोनला निघालं आणि पावणेचारला उतरलं. पण उतरलं म्हणजे काय? चाकं जमिनीला लागली, लोक उठले, वरच्या कप्प्यांतून बोचकी काढून मान वाकडी करून उभे राहिले, आणि शिडी सापडेना. पंचवीस मिनिटं ती लोखंडी शिडी शोधत होते. एवढी मोठी वस्तू माणूस कुठे ठेवून विसरतो? माझ्या समोर एका माणसाची पाठ होती आणि मनगटावर घड्याळ. त्यात चार वाजताना मी पाहिले. सव्वाचारला बाहेर पडलो आणि पिशवी छातीशी धरून, या गुडघ्यांनी, या डोळ्यांनी, मी धावलो, ताई. जिन्याच्या पायऱ्या मोजायचंही सुचलं नाही. वर गेल्यावर गणवेशातल्या एका माणसाला तुझ्या विमानाचं विचारलं. ते चारला गेलं होतं, मिनिटाचाही उशीर न करता. सकाळपासून जगातलं एकच विमान वेळेवर सुटलं आणि ते नेमकं तुझं. मी बाकावर बसून राहिलो. झाडणाऱ्याने दोनदा पाय वर करायला सांगितले, ते केले. मग संध्याकाळची बस धरली.

हे असं झालं. दोष कोणाला द्यायचा ते तूच ठरव. कंपनीला दे, विमेवाल्यांना दे, त्या जुळणीवाल्याला दे, शिडीवाल्यांना दे. मला देऊ नकोस असं म्हणायला तोंड नाही, पण मी वेळेत पोचावं म्हणून माझ्याकडून होईल तेवढं केलं, एवढं तरी मनात असू दे. तुझ्या लेकाला, सुनेला आशीर्वाद. नातवाला मराठी येत असेल तर त्यालाही, नसेल तर त्याच्या डोक्यावरून नुसता हात फिरव. लिहिण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाल, आणि तब्येतीला जप.

तुझा,
बारक्या

ता. क. पत्र पाकिटात घालण्याआधी एक दुरुस्ती. तो काना जुळणीवाल्याचा नाही. बसमध्ये, चौदा तासांतल्या साधारण सहाव्या तासाला मला आठवलं. मूळ मजकुरात 'चहा व जेवण व पुढील विमानात जागा' असंच होतं. एका वाक्यात दोन 'व' मला कधीच सहन झाले नाहीत. कानाला खटकलं म्हणून दुसऱ्याला काना दिला. जुळणीवाला पत्रक घेऊन माझ्या टेबलापाशी आलाही होता. याने अर्थ बदलतो का हो, असं त्याने विचारलं होतं, आणि मी त्याला तंबाखू थुंकून ये, मग अर्थाचं बोल, असं म्हणालो होतो. म्हणजे दहा वर्षं त्या विमानतळावर जे उपाशी गेले ते माझ्यामुळे, आणि जे जेवून मागे राहिले तेही माझ्यामुळे. त्याच्या घरी जाऊन त्याच्या बायकोला सांगावं असं मनात आहे. अजून गेलेलो नाही.

ता. क. २. एक नाजूक काम आहे. हिला मी सांगितलं आहे की आपली भेट झाली. घरात पाऊल टाकल्याबरोबर तिने, झाली का भेट, असं इतक्या आशेने विचारलं की 'हो' निघून गेलं. मग एका 'हो'मागून बाकीचं यावंच लागलं. तू तिची चौकशी केलीस, स्वेटर तिथल्या तिथे अंगात घातलास, बाह्या किंचित लांब झाल्या पण राखाडी रंग तुला खुलून दिसला, असं सगळं सांगून बसलो आहे. स्वेटर माझ्या कपाटात जुन्या शब्दकोशांच्या मागे आहे. तो वेगळ्या पार्सलने पाठवतो. तिचा फोन आला तर बाह्यांचं विसरू नकोस, ती नक्की विचारेल.

ता. क. ३. ताई, आता खरं लिहितो. तुझं विमान चारला सुटलं असं मी वर लिहिलं आहे. हे पत्र जगात कोणाच्याही हातात पडलं तर तो ते खरं मानेल, एक तू सोडून. कारण ते विमान साडेसहाला सुटलं, आणि तू बाहेरच्या दालनात त्याची वाट बघत बसली होतीस. मला माहीत आहे, कारण मीही तिथेच होतो. फुलांच्या दुकानाशेजारी तो जाड खांब आहे ना, त्याच्यामागे. तुझ्यापासून फार तर वीस पावलांवर. तू चाकाच्या खुर्चीत होतीस. केस कापलेस, हे मला कोणी कळवलं नव्हतं. तुझा लेक काउंटरवर वाद घालत होता. त्याने तुला खाण्याचं खोकं आणून दिलं, तर तू त्यातलं अर्धं खाल्लंस आणि अर्धं रुमालात बांधून ठेवलंस. माझ्याकडे सव्वा तास होता, ताई. 'ताई, चुकलो', एवढे दोनच शब्द बोलायचे होते. पण मी ते तपासत बसलो. नुसतं 'चुकलो' फार कमी वाटलं. 'माफ कर' म्हणजे आज्ञा केल्यासारखं. 'माफ करशील का' असं विचारावं, तर तू सगळ्यांदेखत नाही म्हणालीस म्हणजे? 'नऊ वर्षांपूर्वी' असं सुरू केलं तर इतकी वर्षं काय करत होतास, हे येणारच. एकेक शब्द खोडत गेलो आणि शेवटी 'ताई' एवढाच उरला, तर तो हाक मारण्याइतका मोठ्याने निघेना. भित्रा आहे मी. पावणेसहाला गणवेशातल्या माणसाने तुझी खुर्ची वळवली. यात कंपनीचा दोष नाही, शिडीचा नाही, कुठल्या कान्याचाही नाही.

खुर्ची आत जाण्याआधी तू त्याला थांबवलंस आणि मान वळवून बाहेरच्या दाराकडे पाहिलंस. पुन्हा चार पावलांवर थांबवलंस, पुन्हा पाहिलंस. लेक तर शेजारीच उभा होता, सामानही सगळं जवळ होतं. मग तू कोणाला शोधत होतीस, एवढं मला तुझ्या हाताने लिहून कळव.